मौजे डिस्कस बुद्रुक

पेन्शन सुरू झाल्यानंतर मनुष्याने काय करावे, यासंबंधी आपल्या समाजात एक अलिखित वहिवाट फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. ती अशी की, ज्याचे गुडघे शाबूत असतील त्याने पहाटे पर्वती चढावी, ज्याचा आवाज शाबूत असेल त्याने भजनी मंडळात जाऊन बसावे, आणि ज्याचे या दोहोंपैकी काहीच शाबूत राहिले नसेल त्याने गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीवर बिनविरोध निवडून यावे. आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील भाऊसाहेबांनी ही वहिवाट मोडली आणि दिवाणखान्यात डिस्कस माशांची पैदास आरंभिली. तलाठी म्हणून रुजू होऊन मंडल अधिकारी म्हणून सेवानिवृत्त झालेल्या या गृहस्थांना, गावकरी तलाठ्याला ज्या नावाने हाक मारतात ते नाव जन्माचे चिकटलेले आहे. महसूल खात्याने त्यांच्याकडून दप्तर, शिक्के व किल्ल्या रीतसर पोच देऊन परत घेतल्या. पण रकाने आखण्याची त्यांची हौस ताब्यात घेण्याची तरतूद कोणत्याच नियमात नसल्यामुळे ती त्यांच्यापाशीच राहिली.

त्या हौशीचा पहिला आविष्कार म्हणजे टाक्यांचे नामकरण. खिडकीखालच्या चार फुटी टाकीला ‘मौजे डिस्कस बुद्रुक’ आणि तिच्या शेजारच्या दीड फुटी टाकीला ‘मौजे डिस्कस खुर्द’ अशी नावे पडली, व दोन्ही गावांसाठी लाल फडक्यात बांधलेले एकच दप्तर निघाले. गावची लोकसंख्या आणि जनावरे यांची माहिती तलाठी गाव नमुना तेरामध्ये ठेवतो आणि पाणीपुरवठ्याची नमुना चौदामध्ये. ही क्रमवारी ज्याने लावली त्याला मत्स्यपालनाचे काहीतरी ज्ञान असले पाहिजे, असे भाऊसाहेबांचे ठाम मत आहे, कारण डिस्कसच्या बाबतीत तेरा क्रमांकाचा सर्व जमाखर्च चौदा क्रमांकावर अवलंबून असतो.

वाचकांपैकी ज्यांनी हा मासा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे प्राप्त आहे. हा मासा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. आकाराने चक्राकार, अंगाने चपटा, चालीने संथ आणि चेहऱ्याने सदैव किंचित नाराज. ऑस्ट्रियाचा योहान नाटरर हा निसर्गसंशोधक ब्राझीलच्या अरण्यांत अठरा वर्षे भटकला व त्याने पशुपक्ष्यांचे आणि जलचरांचे जे अगणित नमुने व्हिएन्नाला रवाना केले, त्यांत हा मासाही मद्यार्कात बुडून गेला. आणि तेथे योहान याकोब हेकेल यांनी १८४० साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले. भाऊसाहेब याला ‘पहिली फेरफार नोंद’ म्हणतात. मात्र मद्यार्कातला मासा आपल्या खाजगी जीवनाविषयी काही सांगत नाही, त्यामुळे या प्राण्याचे जे खरोखर थक्क करणारे वैशिष्ट्य, ते पुढली शंभराहून अधिक वर्षे शास्त्राच्या दप्तरी दाखल झालेच नाही. ते वैशिष्ट्य असे की, डिस्कसची पिले आपल्या आईबापांच्या अंगाला लागून त्यांच्या त्वचेवरील स्राव खातात, आणि मासा या जातीला न शोभणारी ही स्तनपानसदृश सेवा आई आणि बाप दोघेही बजावतात. हिल्डमन नामक अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५९ साली यावर निबंध लिहिला. त्यापूर्वीचे हौशी लोक, आईबाप अंडी खातात म्हणून ती काढून निराळ्या भांड्यात मोठ्या निगुतीने उबवीत, आणि सुखरूप जन्मलेली पिले डोळ्यांदेखत उपाशी मरताना पाहून कपाळाला हात लावीत.

इतर प्राणी पाळणाऱ्याला मालक म्हणता येते. कुत्र्याचा मालक कुत्र्याला बोलावतो, पोपटाचा मालक पोपटाला बोलावयास शिकवितो, गाईचा मालक निदान दूध तरी काढतो. डिस्कसची पिले घरी वाढविणाऱ्याच्या नशिबी मालकी नाही; पिले वाढविण्याचे काम पिलांचे आईबाप करतात आणि मनुष्याच्या वाट्याला उरते ती निव्वळ सरबराई. दौऱ्यावर आलेल्या प्रांतसाहेबांच्या मुक्कामाची, पाण्याची, उजेडाची आणि मर्जीची व्यवस्था राखण्यात ज्याची तीस-बत्तीस वर्षे गेली, त्याला हे काम उतारवयात पुन्हा आपणहून का घ्यावेसे वाटले असेल, हे कोडे मला सुटलेले नाही. वहिनींच्या मते त्यात कोडे असे काही नाही, सवय आहे.

आरंभ विवाहप्रकरणापासून झाला. डिस्कसमध्ये नर कोण आणि मादी कोण हे बाहेरून पाहून निश्चित सांगणे जवळपास अशक्य असते. तेव्हा शहाणी माणसे सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवितात आणि वयात आल्यावर त्यांचे त्यांनीच जमवावे अशी अपेक्षा धरून दूर उभी राहतात. पत्रिका, मध्यस्थ, देणेघेणे, मुलगा पुण्याचा की पुण्याबाहेरचा, यांतले काहीही न विचारता लग्न जुळताना पाहणे भाऊसाहेबांना जड गेले. तरी त्यांनी धीर धरला, आणि एके दिवशी दोन मासे बाकीच्यांना हुसकावून एका कोपऱ्याची सात-बारावर नोंद झाल्याच्या ऐटीत राखण करू लागले. त्यांना समारंभपूर्वक खुर्दमध्ये हलविण्यात आले. तेथे त्यांनी अंडी घातली, दोघांनी मिळून त्यांवर पंखांनी वारा घातला, आणि तिसऱ्या दिवशी सारी अंडी पांढरी फटक पडली. कारण ते दांपत्य म्हणजे दोन बायका होत्या. डिस्कसच्या जगात असे सर्रास घडते. भाऊसाहेबांनी त्या खेपेसमोर ‘पोटखराबा’ असा शेरा मारून दोघींना बुद्रुकमध्ये परत पाठविले.

दुसरे जुळले ते खरे निघाले. नवरा टर्क्वाइज जातीचा, निळसर, अंगावर उभे काळे पट्टे बाळगणारा. बायको पिजन ब्लड, म्हणजे १९९०च्या सुमारास थायलंडमधून जगभर पसरलेली केशरी कांतीची जात, जिच्या अंगावर ते काळे पट्टे मुळीच नसतात. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्यावरून मोठा प्रसंग ओढवला.

आता पाण्याविषयी. या माशाचे पूर्वज ज्या रिओ निग्रो नदीत राहतात, तिचे पाणी कुजलेल्या पानांच्या अर्काने तपकिरी, आम्लधर्मी आणि जवळजवळ क्षारविरहित असते. आणि आमचे पुणे दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेले. महापालिकेचे खडकवासल्याचे पाणी त्यातल्या त्यात मवाळ; पण उन्हाळ्यात त्याला बोअरचे आणि टँकरचे पाणी येऊन मिळते, व ते खडकातून झिरपताना जो कॅल्शियम गोळा करून आणते त्याने अंड्यांची कवचे टणक होऊन फळण्यास बाधा येते. बाजीरावाच्या घोड्यांना पचलेले पाणी अ‍ॅमेझॉनच्या माशाला पचत नाही, ही गोष्ट भाऊसाहेबांसारख्या अस्सल पुणेकराने मनावर घेतली नसती तरच नवल! त्यांनी गच्चीत निळे पिंप मांडले, क्लोरीन उडून जावा म्हणून त्यांत दिवसरात्र हवेचे बुडबुडे सोडले, घाई असेल तेव्हा फोटो धुणारे लोक वापरीत तो हायपो घातला, आणि शेवटी स्वयंपाकघरातील आर.ओ. यंत्राच्या नळीला फाटा काढून तिचे पाणी माशांच्या नावे वर्ग केले. हे यंत्र जितके पाणी गाळते त्याहून अधिक टाकून देते. ते टाकाऊ पाणी लादी पुसण्यास, झाडांस आणि कामवाल्या मावशींच्या भांड्यांस पुरून उरू लागले, आणि घरातल्या माणसांनी मात्र प्यायचे पाणी माठातून, म्हणजे जुन्या पद्धतीने, घ्यावे असा दंडक निघाला.

“पाहुणे आले की त्यांना आमच्या घरी नळाचं पाणी मिळतं आणि माशांना फिल्टरचं,” वहिनी मला म्हणाल्या, “आणि वर हे पाहुण्यांना विचारतात, पाणी कडक तर नाही ना लागत!”

रोज निम्मे पाणी नळीने उपसून काढायचे आणि तितकेच, त्याच तापमानाचे, घालायचे, हा नित्यनेम. तापमान अठ्ठावीस ते तीस अंशांच्या दरम्यान. त्यात एक अंशाची घट झाली की भाऊसाहेब स्वतः शाल पांघरून टाकीसमोर बसत. मार्गशीर्षातल्या एका रात्री वीज गेली तेव्हा त्यांनी टाकीभोवती घरातल्या दोन्ही दुलया गुंडाळल्या, बॅटरीवरचा हवेचा पंप सुरू केला, आणि ते उभयता चादरीवर निजले. मी सकाळी चौकशीला गेलो तेव्हा मासे ठणठणीत होते आणि वहिनी आले घालून काढा करीत होत्या.

अंडी घालण्यासाठी भाजक्या मातीचा एक शंकू पाण्यात ठेवलेला असतो. मादी त्यावरून खालून वर जाताना अंड्यांची एकेक ओळ चिकटवीत जाते आणि नर पाठोपाठ येऊन आपले कर्तव्य करतो. तासाभरात अनारशाला खसखस लावावी तसा तो शंकू दिसू लागतो. येथवर सारे सुरळीत. परंतु नवखे आईबाप अंडी घालण्यात जितके तत्पर तितकेच ती खाण्यात. कोणी दार आपटले, कोणाची सावली काचेवर पडली, दूधवाल्याने घंटा दोनदा वाजविली, की त्यांना वंशाच्या भवितव्याविषयी घोर निराशा वाटू लागते आणि ते तो वंश गिळून मोकळे होतात. पहिल्या काही खेपा अशाच निकालात निघाल्या. तेव्हा भाऊसाहेबांनी जमावबंदीचा हुकूम काढला: दाराची घंटा बंद, दूरदर्शन मुके, मिक्सर फक्त शेजारी म्हणजे आमच्याकडे, रात्रभर टाकीवर एक मिणमिणता दिवा चालू, आणि पाहुण्यांना प्रवेश मागील बाजूने, अनवाणी. वहिनींच्या माहेरचे एक वृद्ध काका त्या सुमारास भेटीला आले होते. घरातली ती शांतता, तो मंद दिवा आणि हलक्या आवाजातील बोलणे पाहून त्यांनी चप्पल बाहेर काढली, गंभीर चेहऱ्याने आत येऊन बसले, आणि बऱ्याच वेळाने अत्यंत हळुवारपणे विचारले, “कधी झालं?”

“काल संध्याकाळी,” भाऊसाहेब म्हणाले. “दीडशेच्या आसपास असावीत.”

ती खेप मात्र टिकली. सुमारे साठ तासांनी अंडी फुटली आणि शंकूवर डोक्याच्या चिकट धाग्याने लटकलेल्या शेपट्यांची वळवळ सुरू झाली. एखादे पिलू सुटून खाली पडले की बाप ते तोंडात उचलून घेई आणि पुन्हा शंकूवर थुंकून चिकटवी. त्याचा तो आविर्भाव, फाईल खाली पडली असता ती उचलून, झटकून, पुन्हा त्याच गठ्ठ्यात ठेवणाऱ्या जुन्या दफ्तरदाराचा आहे, हे भाऊसाहेबांचे निरीक्षण मला मान्य करावे लागले. आणखी तीन दिवसांनी पिले पोहू लागली, आणि येथे तो प्रसंग ओढवला.

पिलांना आईबाप कसे ओळखू येतात? ती ओळखत नाहीत. ती पोहू लागली की जवळात जवळची काळोखी वस्तू शोधतात, आणि आईबाप त्या दिवसांत अंगाचा रंग गडद करतात म्हणून निसर्गात ती वस्तू म्हणजे आईबापच असतात. परंतु भाऊसाहेबांच्या टाकीत आईच्या, म्हणजे पिजन ब्लडच्या, कांतीत काळोख उत्पन्न करण्याची सोयच नव्हती. बाप कोपऱ्यात होता. आणि मध्यभागी, भारदस्त, निश्चल आणि काळाकुट्ट असा हीटर उभा होता. सगळी पिले एकजात हीटरकडे गेली. तीनशे-चारशे रुपयांच्या त्या काचेच्या नळीला बिलगून ती मोठ्या विश्वासाने तिच्या अंगाचे लचके तोडण्याचा प्रयत्न करू लागली, जन्मदाती आई त्यांच्यासमोरून येरझाऱ्या घालू लागली, आणि भाऊसाहेब घामाघूम झाले. कारण या अवस्थेत पोटात अन्न न गेल्यास पिले फार काळ तग धरीत नाहीत.

अशा वेळी करावयाचा उपाय ठरलेला आहे. आईबाप सोडून टाकीतील यच्चयावत वस्तू बाहेर काढावयाच्या आणि पाणी निम्म्यावर आणावयाचे, म्हणजे पिलांना जाण्यासाठी दुसरे स्थळच उरत नाही. अतिक्रमण हटविण्याचा भाऊसाहेबांचा हातखंडा सबंध जिल्ह्यात गाजलेला होता. परंतु गायरानातल्या टपऱ्या उठविताना ज्यांचा हात कधी कापला नाही, त्यांचा हात तो हीटर उचलताना थरथरत होता. आधी शंकू निघाला, मग स्पंज फिल्टर, मग, पिले झटकली जाईपर्यंत थांबत थांबत, हीटर. खोली गरम ठेवण्यासाठी दारे-खिडक्या बंद करून आम्ही सारे टाकीपुढे उकिडवे बसलो. पिलांचा तो पुंजका क्षणभर दिङ्मूढ होऊन घुटमळला. मग त्यातले एक पिलू निघाले आणि बापाच्या पट्ट्यावर जाऊन टेकले, त्यामागून दुसरे, मग दहा, मग सारे. बाप जागच्या जागी स्थिर झाला. पंखांची टोके तेवढी हलत होती, आणि त्याच्या निळ्या अंगावर दोन्ही बाजूंनी पिले तोंडे खुपसून चरत होती.

आईकडे कोणी फिरकले नाही.

“एका घरात तरी न्याय झाला म्हणायचा, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, आणि मुले झाल्यानंतरच्या वर्षांत सदर गृहस्थ आंबेगाव तालुक्यात जमाबंदीच्या कामी कसे सदोदित फिरतीवर असत, याचा वृत्तान्त त्यांनी विस्ताराने सांगितला. भाऊसाहेबांनी त्यावर काही कैफियत दिली नाही. ते टाकीतल्या बापाकडे पाहत होते, आणि टाकीतला बाप, मला उगीच वाटले, त्यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशी मात्र बापाची दमछाक झाली असावी. तो आईच्या अगदी निकट, अंगाला अंग समांतर ठेवून उभा राहिला, आणि एकाएकी सर्वांगाला असा एक झटका देऊन तीरासारखा निघून गेला की पिलांना कळण्यापूर्वीच त्यांच्यासमोर बापाच्या जागी आई होती. पिलांनी क्षणभर विचार केला आणि आईला चरण्यास प्रारंभ केला. काही मिनिटांनी आईने तोच झटका बापाला दिला. याप्रमाणे दिवसभर पाळ्या चालू झाल्या. आणि पाळी बदलण्याचे हे काम ज्या चोखपणे होते ते पाहून मला असे म्हणावेसे वाटते की, रजेवर जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हाती संपूर्ण चार्ज, एकही प्रकरण प्रलंबित न ठेवता, एका शेपटीच्या फटक्यात सोपविल्याचे उदाहरण आपल्या प्रशासनात विरळा. क्वचित उलटही होते: दोघांनाही पिले आपल्याकडेच हवी असतात, मग ओढाताण, ढुशा मारणे, आणि पिलांची पांगापांग. तेही मनुष्याला अपरिचित नाही.

चार-पाच दिवसांनी वरचे अन्न सुरू करावयाचे असते, आणि ते अन्न म्हणजे आर्टेमिया नावाचे खाऱ्या पाण्यातले अतिसूक्ष्म जीव. त्यांची अंडी वाळलेल्या पुडीच्या रूपाने डब्यात मिळतात. तपकिरी, चिमटीत धरली तर भुकटी वाटावी अशी. आणि अमेरिकेतील युटा प्रांतातल्या ग्रेट सॉल्ट लेक या महासरोवरातून ती जगभर जातात. बाटली उलटी टांगून, मिठाच्या पाण्यात ही पुडी टाकून, खालून जोराने हवा सोडली असता साधारण चोवीस ते छत्तीस तासांत अंडी फुटतात. मग हवा बंद करावयाची. रिकामी कवचे वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात, आणि जिवंत जीव बॅटरीच्या उजेडाकडे धाव घेतात, तेथून ते नळीने ओढून, तलम फडक्यातून गाळून, गोड्या पाण्यात धुऊन घ्यावयाचे. हे जीव ताजे असतानाच खाऊ घालावे लागतात, कारण तासागणिक त्यांच्यातले सत्त्व कमी होते. म्हणून एक बाटली फुटत असताना दुसरी भरलेली पाहिजे, आणि दुसरी फुटताना पहिली. गॅसच्या ओट्याशेजारी, देवघराच्या भिंतीला लागून, रात्रंदिवस खदखदणाऱ्या त्या दोन बाटल्यांमुळे वहिनींच्या स्वयंपाकघराला मुंबईच्या ससून डॉकचा मंद वास येऊ लागला. एकदा मुलीच्या सासरचे लोक चहाला आले असता विहीणबाईंनी त्या नारिंगी द्रवाकडे बोट दाखवून “आमरस का?” असे विचारले. वहिनींनी “ह्यांचं काहीतरी औषध आहे” म्हणून वेळ मारून नेली, तेव्हापासून त्या घरात भाऊसाहेबांच्या प्रकृतीची चौकशी फार आपुलकीने होते.

परंतु आर्टेमिया खाल्लेले पिलू एकदा पाहावे. अंग अजून पारदर्शक, डोळे अंगापेक्षा मोठे, आणि पोटाच्या जागी एक लखलखीत नारिंगी ठिपका. भाऊसाहेब दिवसातून पाच-सहा वेळा खाऊ घालीत, आणि प्रत्येक वेळी भिंग घेऊन पोटे तपासत. ज्याचे पोट नारिंगी नाही त्याच्या मागे मागे पिचकारी घेऊन जात.

पुढल्या आहाराचे प्रकरण नाजूक होते. परदेशी पुस्तके मोठ्या डिस्कसला बैलाचे काळीज वाटून घालावे असे निर्विकारपणे सांगतात. त्या पुस्तकांच्या लेखकांना सदाशिव पेठेतल्या माहेरच्या बाईंचे शीतकपाट ठाऊक नसावे. बऱ्याच वाटाघाटींनंतर कोळंबी, पालक आणि लसूण यांवर तडजोड झाली, ती अशा शर्तीवर की वाटण्यासाठी स्वतंत्र मिक्सर येईल, तो गच्चीत राहील, आणि त्याचा घरात उल्लेख होणार नाही.

दरम्यान खानेसुमारीची वेळ आली. हलती पिले मोजणे हे काम किती अवघड असते, हे ते करून पाहिल्याशिवाय समजत नाही. माझ्या मोजणीत एकोणऐंशी आली, वहिनींच्या एक्याण्णव, आणि भाऊसाहेबांनी टाकीचे छायाचित्र घेऊन त्यावर चौकटी आखून मोजली ती चौऱ्याऐंशी. पिकाची पैसेवारी ज्याप्रमाणे आधी नजर अंदाजाने, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशी तीनदा जाहीर होते, त्याप्रमाणे त्यांनी पिलांचीही जाहीर केली: नजर अंदाज साठ पैसे, सुधारित चौपन्न. अंतिम पैसेवारी पन्नासाच्या आत गेली असती तर दुष्काळ जाहीर करावा लागला असता, आणि त्या कल्पनेने त्यांनी आठवडाभर पाणी दिवसातून दोनदा बदलले.

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्राझीलमधील शास्त्रज्ञांसह २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अंडी घातल्यानंतर आईबापांच्या त्वचेवरील स्रावात प्रथिने आणि रोगप्रतिकारक द्रव्ये वाढतात. पहिले दोन आठवडे ते पिलांना बिनतक्रार चरू देतात. आणि तिसऱ्या आठवड्यापासून थोडथोडा वेळ त्यांना चुकवून दूर पोहू लागतात, इतके की चौथ्या आठवड्यात ते पिलांपासून बराचसा काळ दूरच असतात. आमच्या खुर्दमध्ये हेच झाले. पिले पाठीस लागावीत आणि बापाने काचेच्या कडेने वळसा घालून निसटावे. पिले तेथे पोचावीत आणि त्याने पुन्हा निसटावे. त्याच्या वागण्यात क्रौर्य नव्हते, रागही नव्हता. मुदत संपली होती, इतकेच. भाऊसाहेबांना हे फार लागले. “अहो, अजून आठ-दहा दिवस चालवून घ्यायला काय हरकत होती?” असे ते त्या बापाला उद्देशून म्हणाले. हे म्हणत असताना त्यांच्या हातात, बंगळूरला नोकरीस असलेल्या आणि तिशी ओलांडलेल्या चिरंजीवांना पाठवावयाच्या मेतकुटाच्या, चकल्यांच्या आणि इस्त्री केलेल्या सदऱ्यांच्या पुडक्याची दोरी होती.

महिनाभरात लांबट पिलांना गोलाई येऊ लागली, ती रुपयाएवढी झाली, आणि दोष दिसू लागले. कोणाचे कल्ल्यावरचे झाकण आखूड, कोणाची पाठ वाकडी. व्यापारी अशी पिले ठेवीत नाहीत. भाऊसाहेबांना कोणी तसे सुचविले तेव्हा त्यांनी ऐकू न आल्यासारखे केले आणि दुसऱ्या दिवशी शयनगृहात तिसरी टाकी आली. तिच्यावर ‘पुनर्वसित गावठाण’ अशी चिठ्ठी आहे. तेथील रहिवासी मुळीच देखणे नाहीत, आणि वहिनी इतर दोन गावांना नावे ठेवतात तरी या तिसऱ्याला खाणे स्वतः घालतात. हातात जपमाळ असली तरी.

राहिलेल्यांची विल्हेवाट हा प्रश्न होता. बाजारात दुकानदार भाव पाडून मागतात आणि मुली देताना स्थळ पाहावे तसे कोणी दुकान पाहू देत नाही. म्हणून भाऊसाहेबांनी ती फुकट, परंतु अर्ज मागवून, वाटावयाची ठरविली. अर्जाचा नमुना दोन पानी. टाकीची लांबी, रुंदी, खोली. हीटर आहे काय, असल्यास कोणत्या रंगाचा. घरात मिक्सर किती वेळ चालतो. पूर्वी पाळलेल्या प्राण्यांचे काय झाले, सविस्तर. सोबत घरच्या पाण्याचा नमुना एक लिटर.

पहिला अर्ज आला तो आमच्या संस्थेच्या चिटणीसांचा. याच चिटणीसांनी गच्चीतील पिंपांबद्दल भाऊसाहेबांना दोनदा लेखी नोटीस बजावली होती. आता ते जिन्यात उभे राहून नातवासाठी चार पिले मागत होते, जमल्यास निळी. भाऊसाहेबांनी अर्ज वाचला, उलटून पाहिला, आणि पाण्याचा नमुना जोडलेला नाही असे निदर्शनास आणून दिले. इमारतीची टाकी एकच आहे, तीच तुमच्या नळाला आणि तीच माझ्या, असे चिटणीस म्हणून पाहू लागले. परंतु भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचे अखिल महसूल खाते पाहून ते मुकाट्याने दुसऱ्या मजल्यावर उतरले आणि बाटली भरून घेऊन आले. भाऊसाहेबांनी चष्मा बदलला, मापकाची कांडी बाटलीत बुडविली, आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि अर्जाच्या समासात लाल शाईने लिहिले: ‘पाणी असमाधानकारक. अर्जदाराने गच्चीत पिंप बसवून, संस्थेचे ना-हरकत पत्र जोडून, फेरअर्ज करावा.’